अडीच हजारांत लढाऊ रोबो: आधी चाकं आणि पुढची धार, शस्त्र नंतर

लढाऊ रोबो करायचा म्हटलं की मुलं कागदावर सगळ्यात आधी गरगर फिरणारं पातं काढतात. चाकं कुठे बसणार, बॅटरी कुठे राहणार याचा विचार मागाहून. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. पैसे कमी असतील तर पैसा आणि वजन दोन्ही आधी चाकांवर घाला, मग जमिनीला चिकटून सरकणाऱ्या पुढच्या धारेवर. उरलं तर शस्त्र. सामना साधारण दोन-तीन मिनिटांचा असतो. जो रोबो जागचा हलत नाही त्याच्यासाठी बहुतेक ठिकाणी दहा आकडे मोजतात आणि तो बाद होतो. नवशिक्यांचे रोबो समोरच्याच्या तडाख्यापेक्षा सुटलेल्या वायरीने आणि निखळलेल्या चाकानेच जास्त बाद होतात. शेवटच्या सेकंदापर्यंत चालत राहणारा रोबो बनवणं हेच खरं काम आहे.

मी बडोद्याला मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत एका टूलरूममध्ये इन्स्पेक्शनला आहे. सुट्टीच्या दिवशी दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या गच्चीवर भाची आणि तिच्या मैत्रिणी रोबो बांधायला जमतात. खालचं सगळं त्यांच्यासाठी केलेल्या टिपणांतून आलंय. याच गावात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं, ते हाताने काम करायला शिकवण्यासाठी. त्यामुळे आमच्या गल्लीत बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर मागायला गेलं तर दोन घरांत तरी सापडतो. तुमच्याही ओळखीत एखादे निवृत्त फिटर काका असतीलच. आधी त्यांना गाठा.

वजन आधी कागदावर

हा खेळ १९९४ साली सॅन फ्रान्सिस्कोत मार्क थॉर्प यांनी भरवलेल्या ‘रोबोट वॉर्स’ स्पर्धेपासून पसरला. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमधलं रोबोवॉर्स बऱ्याच जणांना माहीत असतं, पण तिथले रोबो किलोंवर जातात आणि त्यांचा खर्च घरच्या बजेटमध्ये बसत नाही. आपण अँटवेट घेऊ, म्हणजे एक पाउंड, ४५४ ग्रॅम. ब्रिटनमध्ये याच नावाखाली १५० ग्रॅमचा गट चालतो, म्हणून जिथे उतरायचं तिथले नियम आधी वाचा. बॅटरीसकट सगळा रोबो काट्यावर ठेवतात आणि एक ग्रॅम जास्त भरला तरी परत पाठवतात.

आमच्या रोबोचा हिशेब असा. तळ १२ बाय ११ सेंटिमीटरचा, ८ मिलिमीटर जाड एचडीपीई प्लास्टिकचा: १०० ग्रॅम. त्याच प्लास्टिकच्या तीन भिंती ८०. वरचं पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकचं २ मिलिमीटरचं झाकण ३२. पुढच्या धारेचं पोलादी पातं ३१. दोन मोटरी, त्यांच्या क्लिपा आणि चाकं मिळून ५५. बॅटरी ३०. रिमोटचा सिग्नल घेणारा रिसीव्हर, नॅनो (म्हणजे अर्डुइनोचा छोटा कंट्रोल बोर्ड), त्याच्या हुकमाने मोटरींना वीज देणारा मोटर ड्रायव्हर आणि व्होल्टेज उतरवणारा बक मॉड्यूल मिळून २८. सर्व्हो, म्हणजे सांगितलेल्या कोनात फिरून थांबणारी छोटी मोटर, आणि त्याचा हात २४. वायरी आणि स्विच २०, स्क्रू २५. बेरीज ४२५. उरलेले २९ ग्रॅम राखून ठेवा, कारण कथील, टेप, हॉट ग्लू असलं सगळं शेवटी तिथेच जाऊन बसतं. हा हिशेब करायला काटा लागत नाही. लांबी, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये गुणा आणि घनतेने पुन्हा गुणा: एचडीपीई ०.९५, पॉलिकार्बोनेट १.२, अ‍ॅल्युमिनियम २.७, पोलाद ७.८५. एकदा हे आकडे मांडून पाहिले की सगळी बॉडी पत्र्याची करायचा हट्ट आपोआप सुटतो.

पाट कापणं

एचडीपीई म्हणजे भाजी चिरायचा पांढरा प्लास्टिकचा पाट. खंडेराव मार्केटच्या आसपास भांड्यांच्या दुकानांत मिळतो. जाड बघून घ्या, पोकळ नको. मार बसला की हा पाट दबतो आणि परत येतो, तडकत नाही. लढाईसाठी याहून स्वस्त चांगलं मटेरियल मला माहीत नाही. मात्र त्याला काहीही चिकटत नाही, ना फेव्हिक्विक ना अ‍ॅराल्डाइट. सगळी जोडणी स्क्रूनेच करायची. एम३ मापाच्या सेल्फ टॅपिंग स्क्रूला २.५ मिलिमीटरचं भोक पाडा. भिंतीच्या ८ मिलिमीटर कडेत ते बरोबर मधोमध यायला हवं, नाहीतर कड फुगते. हॅकसॉ सावकाश चालवा. घाई केली की प्लास्टिक वितळून पात्याला धरतं आणि कापलेली फट मागून परत जुळून येते.

झाकणासाठी पॉलिकार्बोनेटच घ्या. साइनबोर्डवाल्यांकडे कटपीस मिळतात, पण बऱ्याचदा हातात अ‍ॅक्रिलिक देतात. डोळ्यांवर चष्मा लावून एक पट्टी वाकवून बघा: पॉलिकार्बोनेट वाकतं, अ‍ॅक्रिलिक काचेसारखं तुटून उडतं. आणि या झाकणाच्या स्क्रूला थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावतात तो द्रव, लावू नका. त्याने पॉलिकार्बोनेटला भोकाभोवती बारीक तडे जातात. नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले नट वापरा.

पुढची धार

इथे वेळ घालवा. जो दुसऱ्याच्या खाली शिरतो त्याच्या ताब्यात सामना जातो. आखाड्यात जो पैलवान समोरच्याच्या कमरेखाली शिरून त्याचे पाय जमिनीवरून सोडवतो, तसंच हे आहे. चाकं उचलली गेली की समोरच्याची मोटर कितीही ताकदीची असो, तिचा उपयोग शून्य.

रंगाच्या दुकानात भिंतीला पुट्टी लावायची पोलादी पट्टी मिळते, साठ रुपयांच्या आसपास. तिचं पोलाद स्प्रिंगसारखं असतं, वाकून परत सरळ होतं. दहा सेंटिमीटर रुंदीची घ्या, मूठ काढून टाका आणि मागच्या कडेला छोटी बिजागरी लावा. बिजागरीचं दुसरं पान तळाच्या पुढच्या कडेवर. म्हणजे पातं स्वतःच्या वजनाने खाली पडून जमिनीवर टेकेल आणि फरशी उंचसखल असली तरी धार उचलली जाणार नाही. पातं रोबोखाली दुमडू नये म्हणून खालून एक टेकू द्या.

आता कानस. उतार फक्त वरच्या बाजूने काढायचा. खालची बाजू सपाट राहू द्या, तरच ती जमिनीला लागते. कानस एकाच दिशेने, धारेपासून मागे. खालच्या बाजूला जी बर, म्हणजे धातूची बारीक कूस, उठते ती बारीक पॉलिश पेपरने उतरवा. मग रोबो जुन्या आरशावर किंवा खिडकीच्या काचेवर ठेवा आणि धारेखाली फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांपैकी, ०.०५ मिलिमीटरचं पान सरकवून बघा. गेज नसेल तर वर्तमानपत्राची पट्टी चालेल, ती थोडी जाड असते इतकंच. डावीकडून उजवीकडे कुठेही पान आत शिरलं तर तिथे फट आहे. काचेवर मार्करची शाई लावून पातं हलकेच सरकवलं की शाई फक्त टेकलेल्या जागी लागते. शाई लागली तेवढंच घासायचं, कोरं राहिलं तिथे हात लावायचा नाही. टूलरूममध्ये सरफेस प्लेट नावाच्या अगदी सपाट लादीवर आम्ही हेच करतो. माझ्या भाचीला सोल्डरिंगपेक्षा हे काम जास्त आवडतं. शाई दोन्ही टोकांपर्यंत सलग उमटली की ती मला हाक मारून दाखवते.

ही धार बोट कापते. सामना नसताना तिच्यावर जुन्या पाइपची उभी चिरलेली नळी चढवून ठेवा.

चाकं आणि मोटरी

एन२० गिअर मोटर घ्या, पितळी गिअरची, ६ व्होल्टला ६०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ६०० फेरे. एकेक जेमतेम १० ग्रॅमची. ४३ मिलिमीटर चाकाचा परीघ १३५ मिलिमीटर, सेकंदाला दहा फेरे, म्हणजे १.३५ मीटर. दोन सेलच्या बॅटरीवर थोडा जास्तच वेग मिळेल आणि दोन-तीन मिनिटांच्या सामन्यात मोटर तेवढं सोसते. याहून जास्त वेग घेतला तर नवख्या हाताला रोबो आवरत नाही.

मोटरी चाकांसकट भिंतींच्या आत बसवा आणि चाकांसाठी तळात खाचा पाडा. उघड्यावरचं चाक पहिल्याच धडकेत वाकतं. ११ सेंटिमीटरच्या रुंदीत दोन मोटरी आणि दोन चाकं समोरासमोर कशीबशी मावतात, म्हणून भोकं पाडण्याआधी सगळं नुसतं मांडून बघा.

वजन चाकांवर किती पडतंय हे स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजता येतं. चाकं काट्यावर आणि रोबोचं पुढचं टोक तेवढ्याच उंचीच्या पुस्तकांवर. एकूण वजनाचे दोन तृतीयांश तरी काट्यावर दिसायला हवेत. कमी दिसले तर बॅटरी मागे सरकवा. चाकांवर भार नसेल तर ती जागच्या जागी गरगरतात.

मग रोबो भिंतीला लावून पूर्ण जोर द्या. चाकं घसरत फिरायला हवीत. चाकंच थांबली आणि मोटर नुसती गुणगुणू लागली तर लगेच बंद करा. त्या क्षणी सगळा करंट ड्रायव्हर आणि मोटर जाळण्यात जातो. अशा वेळी कमी आरपीएमची मोटर किंवा लहान चाक घ्यायचं.

एन२०च्या मागचे दोन पितळी कान फार नाजूक असतात. वायर ओढली गेली की कान मुळातून तुटतो आणि मोटर फुकट जाते. वायर सोल्डर करा, त्याच दोन कानांवर १०४ क्रमांकाचा सिरॅमिक कपॅसिटर बसवा, कारण मोटरच्या ठिणग्यांनी रिसीव्हरला त्रास होतो. मग सगळ्यावर हॉट ग्लूचा थेंब टाका आणि वायर दोन सेंटिमीटर पुढे मोटरच्या अंगालाच बांधा. म्हणजे झटका गाठीवर बसेल, कानावर नाही.

वायरिंग

एल२९८एनचा लाल ड्रायव्हर सगळीकडे मिळतो, शाळेच्या प्रोजेक्टमध्ये तोच असतो. इथे तो नको. त्यातले जुन्या पद्धतीचे ट्रान्झिस्टर जवळपास दोन व्होल्ट स्वतःच खातात आणि तापतात. वर हीटसिंकचं वजन आहेच. टीबी६६१२ घ्या. नखाएवढा असतो, दर मोटरला सलग १.२ आणि क्षणभर ३.२ अँपिअर देतो.

कंट्रोलसाठी मोबाइल आणि वाय-फायवर विसंबू नका. जिथे शंभर मोबाइल चालू असतात तिथे जोडणी तुटते. २.४ गिगाहर्ट्झचा सहा चॅनेलचा रिमोट, फ्लायस्काय एफएस-आय६ सारखा, रिसीव्हरसकट पाच हजारांच्या घरात जातो. तो चार-पाच घरांनी मिळून घ्यावा, वर्षानुवर्षं चालतो. आमच्याकडे तो असाच सामायिक आहे. म्हणून अडीच हजारांत मी तो धरलेला नाही, चार्जरही नाही.

रिसीव्हर दर चॅनेलवर १००० ते २००० मायक्रोसेकंदांचा पल्स, म्हणजे विजेचा ठोका, देतो, रिमोटची काडी मधोमध असताना १५००. नॅनो तो वाचतो: डावी मोटर म्हणजे पुढे-मागे अधिक वळण, उजवी म्हणजे पुढे-मागे वजा वळण. १५००च्या दोन्ही बाजूंना ३० सोडून द्या, नाहीतर काडी सोडल्यावरही रोबो रांगत राहतो. पल्स सेकंदाचा दहावा भाग आला नाही तर दोन्ही मोटरी शून्य, नॅनोच्या प्रोग्रॅममध्ये ही ओळ सगळ्यात आधी लिहा. रिमोटच्या मेनूतही फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला की रोबो थांबवणारी सोय, लावा. मग रोबो वाटीवर पालथा ठेवून चाकं फिरवा आणि चालू असतानाच रिमोट बंद करा. चाकं थांबली नाहीत तर तो रोबो जमिनीवर ठेवायचा नाही.

बक मॉड्यूल मल्टिमीटर लावून ५ व्होल्टला लावा, मगच पुढची जोडणी. नॅनो, रिसीव्हर आणि सर्व्हो तिघंही त्यावर चालतात, मोटरी थेट बॅटरीवर. सर्व्हो जोर लावतो तेव्हा ५ व्होल्ट क्षणभर कोसळतो आणि नॅनो रीसेट होतो, म्हणून त्या लाइनवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या. ब्रेडबोर्ड आणि टोचायच्या जंपर वायरी फक्त टेबलावर. लढायला जाणाऱ्या रोबोत प्रत्येक जोड सोल्डरचाच.

मुख्य वायरीवर बाहेरून हात पोचेल अशी काढता येणारी एक्सटी३० पिनची जोडणी ठेवा आणि चालू असल्याचा एक लाल दिवा. आधी रिमोट चालू, मग रोबो. बंद करताना आधी रोबो, मग रिमोट.

उचलणारा हात

आमचं शस्त्र एवढंच: एमजी९०एस सर्व्हो त्या बिजागरीच्या पात्याला खालून ढकलतो. पाच व्होल्टला त्याचा जोर साधारण १.८ किलो-सेंटिमीटर, म्हणजे आसापासून एक सेंटिमीटरवर १.८ किलो. पातं ५ सेंटिमीटर लांब, म्हणजे टोकाशी ३६० ग्रॅम. समोरचा रोबो ४५४ ग्रॅमचा असला तरी आपल्याला त्याची एकच बाजू उचलायची असते, त्यामुळे निम्मं वजन, २२७ ग्रॅम. पुरेसं आहे. सर्व्होचा हात पात्याला स्क्रूने जोडू नका, नुसता खालून टेकू द्या. पात्यावर बसलेला घाव मग बिजागरी आणि टेकूवर जातो, सर्व्होचे दाते वाचतात. सर्व्हो थेट रिसीव्हरच्या चॅनेलला लावा. नॅनोवर सर्व्होची लायब्ररी, म्हणजे तयार कोड, चढवली की ९ आणि १० नंबरच्या पिनांवरचं पीडब्ल्यूएम, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारा सिग्नल, बंद पडतं आणि मोटर का चालत नाही हे शोधत संध्याकाळ जाते.

फिरणारं पातं का नको? ६० ग्रॅमची १२ सेंटिमीटर लांब पट्टी मिनिटाला १२,००० फेरे घेते तेव्हा तिचं टोक ताशी २७० किलोमीटरने जात असतं. फेरे दुप्पट केले की ऊर्जा चौपट होते. स्क्रू सुटला तर तो तुकडा गच्चीवर कोणाच्या डोळ्यात जाईल हे कोणाच्याही हातात नसतं. जाड पॉलिकार्बोनेटचा बंद पिंजरा, पातं अडकवणारी पिन आणि अनुभवी माणूस शेजारी असल्याशिवाय घरी ते फिरवूही नका. यावर मी मुलींशी वाटाघाटी करत नाही.

बॅटरी

दोन सेलची लिथियम पॉलिमर, ४५० मिलीअँपिअर-तास. रोबो सरासरी दोन अँपिअर घेत असेल तर तीन मिनिटांत १०० जातात, तेव्हा मोठी बॅटरी म्हणजे फुकटचं वजन. चार्जर बॅलन्सवाला, म्हणजे दोन्ही सेल सारखे भरणारा, आणि करंट ठरवता येणारा हवा. इथे ०.४५ अँपिअर लावायचा. सेल ४.२ व्होल्टला भरतो, ३.३च्या खाली नेऊ नका, पडून राहणार असेल तर ३.८वर ठेवा. चार्जिंग मोठ्या माणसासमोर, फरशीवर, मातीच्या कुंडीत. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही. आणि बडोद्याच्या उन्हाळ्यात ती स्कूटरच्या डिकीत राहू देऊ नका. बाहेर पारा चाळीसच्या वर असतो, डिकीत त्याहूनही जास्त.

सराव आणि सामन्याचा दिवस

अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाणी भरून ती काट्यावर बरोबर ४५४ ग्रॅम करा. गच्चीवर खडूने चौकोन आखा आणि बाटली ढकलत त्याबाहेर काढा. आधी उभी, मग आडवी, ती लोळते म्हणून जास्त अवघड. मग रोबो स्वतःकडे तोंड करून चालवा, तेव्हा डावं-उजवं उलटं होतं आणि खरी परीक्षा तिथेच असते. रोबो पूर्ण झाल्यावर त्याच्यात काही नवीन बसवण्यापेक्षा हा सराव करा. हातात बसलेला साधा रोबो महागड्या रोबोला कोपऱ्यात नेऊन अडकवताना मी पाहिलाय.

दोन सामन्यांच्या मध्ये मिळणारा वेळ थोडा असतो, म्हणून क्रम ठरलेला असू द्या: जोडणी काढा, बॅटरीचे दोन्ही सेल मोजा, चाकं स्पिरिटच्या फडक्याने पुसा कारण धूळ बसलेलं रबर पकडत नाही, सगळे स्क्रू एकदा फिरवून बघा, धार काचेवर टेकवा. सोबत वायरी जोडलेली एक जास्तीची मोटर, दोन चाकं आणि दुसरं पातं न्या. दुसऱ्या पात्याची भोकं पहिल्या पात्यावर ठेवूनच पाडा आणि घरीच एकदा बसवून बघा, म्हणजे तिथे चार स्क्रू काढून चार घालायचं काम उरतं.